व्यापारयुद्ध आणि निवृत्तीची पुंजी

एका देशाने दुसऱ्याच्या मालावर आयातशुल्क वाढवले, दुसऱ्याने उलट शुल्क लावले आणि ही चढाओढ थांबेनाशी झाली, की तिला व्यापारयुद्ध म्हणतात. त्याची झळ कारखानदार आणि निर्यातदारांना बसते, हे उघड आहे. मात्र ज्या देशात म्हातारपणाची तरतूद शेअर आणि रोख्यांच्या बाजारात गुंतलेली असते, तेथे शुल्काची घोषणा शिक्षक, परिचारिका, ट्रकचालक यांच्या निवृत्तिखात्यात दुसऱ्याच दिवशी उमटते. याचे अलीकडचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे एप्रिल २०२५ मधील अमेरिका.

अमेरिकेत पूर्वी मोठ्या कंपन्या निवृत्तांना ठरावीक मासिक निवृत्तिवेतन देत. बाजार पडला तर तूट कंपनीने भरायची. १९७८ च्या महसूल कायद्याने प्राप्तिकर संहितेत ४०१ (के) हे कलम घातले आणि १९८० च्या दशकापासून त्यावर उभी राहिलेली खाती जुन्या निवृत्तिवेतनाची जागा घेऊ लागली. या खात्यात कर्मचारी पगारातून रक्कम टाकतो, बहुतेक मालक त्यात आपला वाटा घालतात, आणि पैसा प्रामुख्याने म्युच्युअल फंडांत जातो. आज सुमारे ७ कोटी कामगार-कर्मचारी अशा खात्यांत पैसे भरतात. म्हातारपणी किती हाती येईल याची हमी कोणी देत नाही. बाजाराची जोखीम कंपनीच्या ताळेबंदातून उचलून पगारदाराच्या खांद्यावर ठेवली गेली. हा बदल लक्षात घेतल्याशिवाय आयातशुल्क आणि निवृत्ती यांचा संबंध कळत नाही.

२ एप्रिल २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी जवळजवळ सर्व देशांच्या मालावर किमान १० टक्के आणि अनेक देशांवर त्याहून बरेच जास्त शुल्क जाहीर केले. चीनसाठी ३४ टक्के, व्हिएतनामसाठी ४६ टक्के, भारतासाठी २६ टक्के. ३ आणि ४ एप्रिल या दोन दिवसांत एस अँड पी ५०० हा अमेरिकेतल्या सुमारे ५०० मोठ्या कंपन्यांच्या शेअरभावांचा निर्देशांक १० टक्क्यांहून अधिक कोसळला आणि अमेरिकी शेअरबाजारातून ६ लाख कोटी डॉलरहून अधिक मूल्य नाहीसे झाले. ८ एप्रिलला हा निर्देशांक १९ फेब्रुवारीच्या उच्चांकापेक्षा सुमारे १९ टक्के खाली बंद झाला. ९ एप्रिलला चीन वगळता इतर देशांवरचे वाढीव शुल्क ९० दिवसांसाठी स्थगित झाल्याची घोषणा झाली आणि त्याच दिवशी निर्देशांक ९.५ टक्के उसळला. २७ जूनला त्याने नवा उच्चांक गाठला.

हा आलेख दाखवून ‘शेवटी काही बिघडले नाही’ असे अनेकदा म्हटले जाते. तिशीतल्या नोकरदारापुरते ते बरेचसे खरे आहे. त्याचा एप्रिलचा हप्ता स्वस्तात लागला आणि त्याच पैशात जास्त युनिटे मिळाली. पण ज्याच्या खात्यातून दरमहा पैसे बाहेर पडत आहेत त्याला हे लागू होत नाही. समजा, एखाद्या निवृत्त व्यक्तीचे ५ लाख डॉलर निर्देशांक फंडात, म्हणजे निर्देशांकाबरोबर चढउतरणाऱ्या फंडात आहेत. १९ टक्के घसरणीनंतर ४ लाख ५ हजार उरले. उपचारासाठी किंवा घराच्या छपरासाठी त्यातून ४० हजार काढावे लागले. पुढे बाजार पूर्वपदावर आला तरी उरलेली रक्कम सुमारे ४ लाख ५१ हजारांपर्यंतच पोहोचते. तेच ४० हजार घसरणीआधी काढले असते, तर ४ लाख ६० हजार हाती राहिले असते. मधले ९ हजारांहून अधिक डॉलर कायमचे गेले, कारण पडत्या भावात विकलेली युनिटे चढत्या बाजारात सोबत नसतात. निवृत्तीच्या पहिल्या काही वर्षांत अशी घसरण आली तर पुंजी ठरल्यापेक्षा लवकर संपू शकते. म्हणून घसरण किती खोल होती यापेक्षा ती माणसाच्या कोणत्या वयात आली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

यात कायद्याचीही एक अडचण आहे. वयाच्या ७३ व्या वर्षापासून पारंपरिक ४०१ (के) खात्यातून दरवर्षी ठरावीक किमान रक्कम काढणे बंधनकारक असते आणि ती आदल्या वर्षीच्या ३१ डिसेंबरच्या शिलकेवरून ठरते. म्हणजे शिल्लक घटली तरी काढायची रक्कम चढ्या शिलकेच्या हिशेबाने. वर्षअखेरपर्यंत थांबण्याची मुभा आहे, पण ज्याचा घरखर्चच त्यावर चालतो तो थांबणार कसा?

घाबरून विकणाऱ्यांचे नुकसान वेगळे. ८ एप्रिलला शेअर फंडातून बाहेर पडलेल्याच्या हातून दुसऱ्या दिवशीची उसळी निसटली. बहुसंख्य खातेदारांनी मात्र काहीच हलवले नाही. २००६ च्या निवृत्तिवेतन संरक्षण कायद्यानंतर अनेक योजनांत नव्या कर्मचाऱ्याचे पैसे आपोआप टार्गेट-डेट फंडात जातात. निवृत्तीचे वर्ष जवळ येईल तसा त्यातला शेअरचा वाटा आपोआप कमी होत जातो. या व्यवस्थेने अनेकांना स्वतःच्या घबराटीपासून वाचवले, असे म्हणायला हरकत नाही.

तरीही या वेळी रोख्यांनी नेहमीसारखी साथ दिली नाही. शेअर पडले की गुंतवणूकदार सरकारी रोख्यांकडे धावतात आणि रोख्यांचे भाव वाढतात, ही जुनी धारणा. रोख्याचा भाव वाढला की त्याचा परतावा उतरतो, भाव पडला की चढतो. पहिले दोन दिवस तसेच झाले आणि अमेरिकेच्या १० वर्षांच्या रोख्याचा परतावा ४ टक्क्यांच्या आसपास उतरला. पुढच्याच आठवड्यात तो ४.५ टक्क्यांपर्यंत चढला, म्हणजे भाव पडले. महागाईची भीती आणि अमेरिकी कर्जरोख्यांवरचा डळमळलेला विश्वास ही त्याची कारणे सांगितली गेली. सुरक्षित म्हणून रोखे घेऊन ठेवलेल्या ज्येष्ठांसाठी हा दुहेरी धक्का होता.

महागाईतून होणारे नुकसान सावकाश होते आणि खात्याच्या विवरणात दिसत नाही, म्हणून त्याची चर्चा कमी होते. आयातशुल्क सरकारी तिजोरीत भरतो तो आयातदार. परदेशी उत्पादक नव्हे. अमेरिकेने २०१८ मध्ये लावलेल्या शुल्कांचा अभ्यास करणाऱ्या मेरी अमिती, स्टीफन रेडिंग आणि डेव्हिड वाइनस्टाइन या अर्थशास्त्रज्ञांना असे आढळले, की शुल्काचा जवळजवळ सगळा भार अमेरिकेतल्याच खरेदीदारांवर पडला. नोकरदाराला निदान पगारवाढीची आशा असते, निवृत्ताला नसते. सोशल सिक्युरिटी या सरकारी योजनेचे निवृत्तिवेतन ग्राहक किंमत निर्देशांकानुसार दरवर्षी वाढते आणि २०२६ साठी ही वाढ २.८ टक्के ठरली. पण त्यासाठी वापरला जाणारा निर्देशांक शहरी पगारदार कुटुंबांच्या खर्चावर बेतलेला आहे. ज्येष्ठांचा औषधोपचारावरचा जादा खर्च त्यात पुरेसा उतरत नाही. शिवाय दरवाढ आधी येते आणि भरपाई पुढच्या जानेवारीत. खासगी कंपन्यांच्या जुन्या निवृत्तिवेतनात तर सहसा महागाईभत्ता नसतोच.

याआधीच्या मोठ्या शुल्कयुद्धात स्थिती निराळी होती. १७ जून १९३० रोजी अध्यक्ष हूवर यांनी आयातशुल्क वाढवणाऱ्या स्मूट-हॉली कायद्यावर सही केली. १,०२८ अर्थशास्त्रज्ञांनी त्याविरुद्ध निवेदन दिले होते. तेव्हा सामान्य माणसाची पुंजी शेअरमध्ये क्वचितच असे. ती बँकेत, शेतात किंवा घरात असे. जागतिक व्यापार आटला, शेतमालाचे भाव पडले, बँका बुडाल्या आणि म्हातारपणाचा आधार त्या वाटेने गेला. मंदीची कारणे अनेक होती, पण या कायद्याने ती अधिक चिघळवली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सोशल सिक्युरिटी कायदा १९३५ मध्ये आला. शेतकऱ्यांच्या बाबतीत ही वाट आजही तशीच आहे. २०१८ मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावले, तेव्हा ज्यांची निवृत्तीची सारी मिळकत जमिनीतच होती त्यांच्या उत्पन्नावर घाला आला आणि सरकारला अब्जावधी डॉलरची मदत वाटावी लागली.

भारतात हा धक्का वेगवेगळ्या खात्यांत वेगवेगळ्या प्रमाणात पोहोचतो. ७ एप्रिल २०२५ रोजी सेन्सेक्स २,२२६ अंकांनी घसरला, तरी कोणाच्या पीएफच्या पासबुकातली रक्कम कमी झाली नाही. भविष्य निर्वाह निधी संघटना नव्या ठेवींपैकी १५ टक्क्यांपर्यंतच रक्कम निर्देशांकाच्या ईटीएफमध्ये, म्हणजे शेअरबाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या फंडांत गुंतवते आणि व्याज वर्षातून एकदा जाहीर करते. २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होते. राष्ट्रीय पेन्शन योजनेचे (एनपीएस) युनिटमूल्य मात्र बाजाराप्रमाणे रोज बदलते. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा नंतर सेवेत आलेल्या राज्य कर्मचाऱ्यांना अशीच अंशदायी योजना लागू झाली, म्हणजे पेन्शन ठरावीक न राहता जमा रकमेवर आणि बाजारावर अवलंबून राहिली. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी त्यांनी केलेला संप याच अनिश्चिततेविरुद्ध होता. दूरच्या देशातल्या शुल्काने आपल्या पेन्शनचा आकडा हलू नये, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

याहून खोल जखम रोजगारातून होते. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचे अमेरिकी शुल्क ५० टक्क्यांवर गेले. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातल्या दागिन्यांच्या कारखान्यांची आणि सोलापूरच्या टॉवेल उद्योगाची बरीच मदार अमेरिकी ग्राहकांवर आहे. मागणी रोडावली की पाळ्या कमी होतात, जादा कामाचे पैसे बंद होतात, काम सुटले तर पीएफचा हप्ता थांबतो आणि घर चालवण्यासाठी साठलेलेही काढले जाते. ज्यांचे पीएफ खातेच नाही, त्यांचे नुकसान कोणत्याही निर्देशांकात मोजले जात नाही.

अमेरिकेत नोकरी करून पुण्या-मुंबईत परतू पाहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या हिशेबात चलनही येते. २०२५ च्या पहिल्या सहामाहीत डॉलर प्रमुख चलनांपुढे सुमारे १० टक्क्यांनी घसरला, पण रुपया त्याच्यापुढे वर्षभरात आणखी अशक्त झाला आणि डिसेंबरमध्ये एका डॉलरला ९० रुपयांच्या पलीकडे गेला. त्यामुळे रुपयांत मोजलेले ४०१ (के) खाते डॉलरच्या आकड्यापेक्षा बरे दिसले. मुदतीआधी, म्हणजे साधारणतः वयाच्या साडेएकोणसाठ वर्षांपूर्वी पैसे काढल्यास कराशिवाय काढलेल्या रकमेच्या १० टक्के दंड लागतो, म्हणून बहुतेक जण खाते तिकडेच ठेवतात. अशा खात्यातल्या उत्पन्नावरचा भारतातला कर पैसे प्रत्यक्ष काढेपर्यंत पुढे ढकलण्याची सोय २०२१ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात कलम ८९ ए घालून केली.