मिलानला जाताय? सालोने वेगळं, फ्वोरीसालोने वेगळं

दर एप्रिलला आपल्याकडचे बरेच आर्किटेक्ट, इंटिरियरवाले आणि फर्निचरचे व्यापारी ‘मिलान फेअर’ला जातात. परत आल्यावर काय पाहिलं म्हणून विचारावं, तर एक जण शहराबाहेरच्या अवाढव्य हॉलबद्दल बोलतो आणि दुसरा जुन्या वाड्याच्या चौकात टांगलेल्या दिव्यांबद्दल. दोघंही खरंच सांगत असतात. त्या एकाच आठवड्यात तिथे दोन निरनिराळ्या गोष्टी चालू असतात, आणि नवा माल शोधायला गेलेल्याने त्यांची गल्लत केली तर दोन मोलाचे दिवस हातचे जातात.

सालोने देल मोबिले हे फर्निचरचं व्यापारी प्रदर्शन. इटालियन फर्निचरची निर्यात वाढावी म्हणून ते १९६१ साली सुरू झालं. आता ते मिलानलगतच्या रो या गावातल्या प्रदर्शन संकुलात भरतं. लाल मेट्रोने थेट जाता येतं, पण शहराच्या हद्दीतलं साधं तिकीट तिथपर्यंत चालत नाही, पुढच्या झोनचं घ्यावं लागतं. प्रवेशाला पैसे पडतात आणि शनिवार-रविवार सोडून बाकीचे दिवस मुख्यतः धंद्यातल्या लोकांसाठी असतात. त्यातलं स्वयंपाकघराचं प्रदर्शन सम वर्षी आणि दिव्यांचं विषम वर्षी भरतं. हे न बघता तिकीट काढलं, तर किचनचा माल शोधायला गेलेला माणूस झुंबरांच्या गर्दीत पोहोचतो.

फ्वोरीसालोने म्हणजे शब्दशः ‘सालोनेबाहेरचं’. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते आपसूक आकाराला आलं आणि आजही त्याला एकच एक आयोजक नाही. शहरातल्या ब्रेरा, तोर्तोना, इसोला अशा भागांत शोरूम, जुने कारखाने, विद्यापीठाचं आवार, सगळीकडे काही ना काही मांडलेलं असतं. बहुतेक ठिकाणी प्रवेश मोफत, फक्त नाव नोंदवायचं.

खरा फरक वस्तूच्या तयारीत आहे. सालोनेतल्या स्टॉलवर वस्तूला कोड असतो, भाव असतो, किमान ऑर्डर आणि माल कधी मिळेल ते ठरलेलं असतं. भाव सांगितला की तो ‘एक्स वर्क्स’, म्हणजे कारखान्याच्या दारातला, आहे का, हे लगेच विचारावं. तसा असेल तर भाडं, विमा आणि आपल्याकडची कस्टम ड्यूटी वेगळी धरायची. बाहेर शहरात मात्र पुष्कळदा वस्तू एकुलती एक असते. माझे एक स्नेही ब्रेरामध्ये एका दिव्यावर लुब्ध झाले. साठ नग हवेत म्हणाले, तेव्हा कळलं की तो दिवा फक्त त्या आठवड्यापुरता बनवला होता. संध्याकाळ फुकट गेली.

म्हणून बाहेरचं बघूच नये, असं मी मुळीच म्हणणार नाही. १९८१ साली इटालियन डिझायनर एत्तोरे सोत्सास आणि त्यांच्या मेम्फिस या डिझायनरांच्या गटाने आपलं पहिलं प्रदर्शन मांडलं, ते प्रदर्शनाच्या हॉलमध्ये नव्हे, मिलानमधल्या एका गॅलरीत. त्यातलं ‘कार्लटन’ हे शेल्फ बघा: तिरप्या फळ्या, भडक रंग आणि वर प्लास्टिक लॅमिनेट. आपल्या भाषेत सनमायका! स्वस्त समजला जाणारा तो सनमायका त्यांनी दिवाणखान्याच्या मध्यभागी आणून उभा केला. असं धाडस बहुधा बाहेरच आधी दिसतं, कारण तिथे विक्रीची घाई नसते. रंग, साहित्य, पोत यांचा अंदाज घ्यायला फ्वोरीसालोनेसारखी जागा नाही.

मात्र ताजं ते बाहेर आणि ठरीव ते आत, असंही समजू नका. सालोनेच्या आतच ‘सालोने सॅटेलाइट’ नावाचा विभाग आहे. मार्वा ग्रिफिन यांनी तो १९९८ साली ३५ वर्षांखालच्या डिझायनरांसाठी सुरू केला. आज जगभर नाव असलेला जपानचा नेंदो स्टुडिओ २००३ साली तिथेच मांडणी करत होता. माझ्या मते मिलानमधली सगळ्यांत उपयोगाची जागा हीच. उद्योगाने अजून न उचललेल्या गोष्टी इथे असतात, आणि त्या मांडणाऱ्यांना निर्माताच हवा असतो. चाकणला किंवा कोल्हापूरला ज्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे, त्याने पहिल्या दिवशी सकाळी, पाय ताजे असताना, आधी इथेच जावं. परवानगी घेऊन खुर्ची उलटी करावी, सांधे बघावेत, कोणता स्क्रू वापरलाय ते बघावं. आणि ही हजार नगांत बनवायची तर काय बदलावं लागेल, हे तिथल्या तरुणाला सरळ विचारावं. ती त्याने स्वतः घडवलेली असते, आणि उत्तर द्यायला तो शेजारीच उभा असतो.