अढळ ध्रुवाची धडधड

पुण्यात ‘स्पंदन पावणारे तारे’ म्हटलं की समोरचा थेट खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर जाऊन पोचतो. पण तिथे टिपले जाणारे पल्सार, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांचे उरलेले घट्ट गाभे, धडधडत नाहीत. ते स्वतःभोवती गरगर फिरतात आणि त्यांचा झोत दीपगृहासारखा आपल्यावरून जातो. खरोखर फुगणारे-आक्रसणारे तारे वेगळेच. त्यांतल्या एकाला आपण लहानपणापासून अढळ म्हणत आलोय: ध्रुव! साधारण चार दिवसांत त्याचं तेज किंचित वरखाली होतं, हे १९११ मध्ये हर्ट्‌झस्प्रुंग या खगोलशास्त्रज्ञाने दाखवून दिलं.

ध्रुवाच्या जातीला ‘सेफीड’ हे नाव मिळालं ते वृषपर्वा (सेफियस) तारकासमूहातल्या, म्हणजे शर्मिष्ठेच्या शेजारच्या, एका ताऱ्यावरून. जॉन गुडरिक या कर्णबधिर इंग्रज तरुणाने १७८४ मध्ये नुसत्या डोळ्यांनी त्याच्या तेजाचा सुमारे ५ दिवस ९ तासांचा फेरा पकडला. कारण कळायला विसावं शतक उजाडलं. ताऱ्याच्या पोटातला हेलियमचा एक थर दाबला गेला की उष्णता अडवून धरतो, फुगला की सोडतो. कुकरच्या शिट्टीचाच प्रकार.

खरी पंचाईत होती बारीक स्पंदनांची. डेल्टा स्क्यूटी जातीच्या ताऱ्यांचे फेरे अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंतचे, तेही एकात एक गुंतलेले. रात्रभर मोजमाप केलं तरी सकाळी उजाडतंच. मधल्या वेळेत किती फेरे झाले हे नक्की सांगता येत नाही आणि गणितात खोटे फेरे उगवतात. त्यात आपला पावसाळा. आयुका या पुण्यातल्या खगोल संस्थेची गिरवलीची २ मीटरची दुर्बीण असो की सदाशिव पेठेतली गच्ची, जून ते सप्टेंबर ढगांपुढे इलाज नाही.

अवकाशातून ही वाट मोकळी झाली ती मात्र एका फसलेल्या मोहिमेमुळे. १९९९ मध्ये सोडलेल्या ‘वायर’ उपग्रहाचं शीतक द्रव्य काही दिवसांतच उडून गेलं आणि मुख्य दुर्बीण निकामी झाली. उरली दिशा धरण्यासाठी बसवलेली ५२ मिलिमीटरची छोटी दुर्बीण. तिलाच ताऱ्यांचं तेज मोजायला लावलं. कित्येक वर्षं मंदावत चाललेलं ध्रुवाचं स्पंदन पुन्हा वाढू लागल्याचं २००८ मध्ये जाहीर झालं, त्यात या दुर्बिणीच्या नोंदींचाही वाटा होता.

मग ताऱ्यांचं तेज मोजणारे उपग्रह आले: कॅनडाचा ‘मोस्ट’, फ्रान्सचा ‘कोरो’ आणि २००९ मध्ये ‘केप्लर’. केप्लर खरं तर इतर ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधायला गेला, पण हंस आणि स्वरमंडळाच्या दिशेला चार वर्षं टक लावून बसल्याने दीड लाखांवर ताऱ्यांची नाडीही हाती आली. बाहेरून सारखेच दिसणारे लाल राक्षसी (म्हातारपणी फुगलेले) तारे गाभ्यात हेलियम जाळतायत की अजून नाही, हे २०११ मध्ये नुसत्या स्पंदनांवरून ओळखता आलं.

२०१८ पासून ‘टेस’ हा उपग्रह आकाशाचा एकेक पट्टा साधारण २७ दिवस न्याहाळतो. त्याच्या नोंदी सगळ्यांना खुल्या आहेत, त्यामुळे भर आषाढातही पुण्यातला विद्यार्थी लॅपटॉपवर डेल्टा स्क्यूटी तारा उलगडत बसू शकतो. तिमिंगल तारकासमूहातल्या मीरा या ताऱ्याला मात्र एका फेऱ्याला ३३२ दिवस लागतात. तिथे २७ दिवस कुठे पुरणार? त्याच्यासाठी अजूनही गच्चीच.