टॉर्च निवडताना आधी सेल पाहावा

कोल्हापूर जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात शेतीपंपांची वीज पाळीने येते आणि पाळी रात्रीची असली की दारे धरायला शेतकऱ्याला अवेळी शिवारात जावे लागते. पाटाच्या कडेने आणि पाचटावरून चालताना त्याच्या हातात जो छोटा टॉर्च असतो, तो आता बहुधा पुन्हा चार्ज होणारा असतो. दुकानातली निवडीची रीत मात्र जुनीच आहे. दुकानदार समोरच्या इमारतीवर झोत टाकून दाखवतो, खोक्यावरचा लुमेनचा, म्हणजे एकूण प्रकाशाचा, मोठा आकडा वाचून दाखवतो आणि गिऱ्हाईक तिथेच भुलते. माझे मत असे की छोटा टॉर्च घेताना सेलकडे आधी पाहावे आणि दिव्याकडे नंतर, कारण आजच्या कोणत्याही बऱ्या टॉर्चमधला एलईडी चांगलाच असतो आणि खरा फरक त्याच्यामागच्या ऊर्जेच्या साठ्यामुळे पडतो.

दिव्याविषयी थोडक्यात सांगता येईल. तारेच्या बल्बमध्ये एका वॉटमागे जेमतेम १० ते १५ लुमेन प्रकाश मिळत असे; बाकीची वीज उष्णतेत जात असे. १९९० च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये तेजस्वी निळा एलईडी साध्य झाला आणि त्याबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. टॉर्चमधला पांढरा एलईडी हा मुळात निळाच असतो. त्याच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिलेला असतो, तो निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळ्यात बदलतो आणि दोन्ही मिसळून डोळ्याला पांढरा उजेड दिसतो. चांगल्या छोट्या टॉर्चमध्ये काच, परावर्तक आणि सर्किट यांतली गळती वजा जाता एका वॉटमागे साधारण १०० लुमेन समोर पडतात, असे धरायला हरकत नाही.

हा १०० चा आकडा लक्षात ठेवला की खोक्यावरच्या बहुतेक जाहिराती घरबसल्या तपासता येतात. सेलवर व्होल्ट आणि एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे विजेचा साठा) असे दोन आकडे छापलेले असतात. त्यांचा गुणाकार करून १००० ने भागले की वॉट-तास मिळतात, म्हणजे सेलमध्ये एकूण किती ऊर्जा मावते ते कळते. पेन्सिल सेलच्या आकाराचा चार्ज होणारा सेल १.२ व्होल्ट आणि २००० एमएएचचा असतो, म्हणजे २.४ वॉट-तासांचा. १०० ने गुणले की २४० येतात. याचा अर्थ असा की असा एक सेल २४० लुमेन एक तास देईल, किंवा ६० लुमेन चार तास. लिथियमचा १८६५० नावाचा सेल घेतला तर ३.६ व्होल्ट आणि ३००० एमएएच मिळून १०.८ वॉट-तास होतात, म्हणजे सुमारे १००० लुमेन एक तास किंवा १०० लुमेन रात्रभर. त्याच एका सेलवर ‘१०,००० लुमेन’ असे छापलेले दिसले तर तेवढ्या प्रकाशाला १०० वॉट लागतील, सेल सहा-सात मिनिटांत संपेल आणि टॉर्च त्याआधीच हातात धरवणार नाही. सेल कितीही चांगला असला तरी हा हिशेब चुकत नाही.

आता सेलच्या जाती पाहू. ‘एए’ सेल, म्हणजे आपला पेन्सिल सेल, १४.५ मिलिमीटर जाड आणि ५०.५ मिलिमीटर लांब असतो. त्याच मापात निकेल-मेटल हायड्राइडचा चार्ज होणारा सेल मिळतो. या सेलबद्दल जुनी तक्रार अशी होती की तो नुसता ठेवून ठेवूनच उतरतो, आणि ती खरीही होती. २००५ साली जपानच्या सॅन्यो कंपनीने ‘एनेलूप’ या नावाने आणलेल्या सेलमध्ये ही गळती इतकी कमी झाली की वर्षभर पडून राहिल्यावरही सुमारे ८५ टक्के चार्ज शिल्लक राहतो, असा त्यांचा दावा होता. आता इतर कंपन्यांचेही असे सेल मिळतात. एमएएचचा सर्वांत मोठा आकडा असलेला सेल घेण्यापेक्षा २००० च्या आसपासचा, कमी गळतीचा सेल टॉर्चसाठी उजवा ठरतो, कारण टॉर्च बहुतेक काळ खुंटीला लटकलेला असतो. या सेलचे व्होल्ट शेवटपर्यंत जवळजवळ स्थिर राहतात आणि मग एकदम कोसळतात. साध्या अल्कलाइन सेलवर उजेड हळूहळू मंदावत जातो. इथे तशी सूचना मिळेलच असे नाही, म्हणून जास्तीचा एक सेल खिशात असावा.

लिथियम-आयन सेल १९९१ साली सोनी कंपनीने बाजारात आणला आणि त्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. खिशातल्या एवढ्याशा वस्तूत दोन नोबेल सामावलेले आहेत, ही मौजेची गोष्ट आहे. १८६५० या आकड्याचा अर्थ सोपा आहे: जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर आणि शेवटचा शून्य गोल आकारासाठी. २१७०० हा त्याचा थोरला भाऊ, साधारण ५००० एमएएचपर्यंतचा. तो अधिक टिकतो, पण शर्टाच्या खिशाला जड होतो.

या सेलच्या बाबतीत फसवणूक सर्रास चालते. सहसा मिळणाऱ्या उत्तम १८६५० सेलची क्षमता साधारण ३५०० एमएएचच्या आसपास थांबते, तरी ‘९९०० एमएएच’ छापलेले सेल राजरोस विकले जातात. ओळखण्याचा एक सोपा उपाय म्हणजे वजन. अस्सल सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, आणि हलक्या प्रतीच्या सेलमध्ये आत मालच कमी असल्याने तो पुष्कळदा त्याच्या बराच खाली भरतो. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर हे दिसून येते. गुजरीत कोणी सराफ ओळखीचा असेल तर त्याच्या काट्यावर अधिक बारकाईने दिसेल. सेल नोंदणीकृत आहे का तेही पाहावे. भारतात लिथियम सेलना आयएस १६०४६ या मानकाखाली भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे आणि तिचे चिन्ह सेलवर किंवा वेष्टनावर असावे लागते.

एका सेलबद्दल मात्र निक्षून सांगायला हवे. १४५०० नावाचा लिथियम सेल मापाने अगदी पेन्सिल सेलसारखा असतो, पण पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्ट देतो. पेन्सिल सेलसाठी बनवलेल्या टॉर्चमध्ये तो सहज बसतो आणि आतले सर्किट जाळू शकतो. माहितीपत्रकात १४५०० चालेल असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर तो घालू नये. सुटा लिथियम सेल किल्ल्या आणि नाण्यांबरोबर खिशात टाकणेही तितकेच घातक आहे. दोन टोके धातूने जोडली गेली की तो क्षणात तापतो आणि पेटूही शकतो.

भिंतीच्या सॉकेटमध्ये थेट खोचायचे स्वस्त टॉर्च खेडोपाडी अजून पुष्कळ दिसतात. त्यांत बहुतेक वेळा ४ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी असते. ती उतरलेल्या अवस्थेत महिना-दोन महिने पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे स्फटिक घट्ट होतात आणि मग ती पूर्वीसारखी चार्ज होत नाही. शिवाय यांतल्या अनेक टॉर्चमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे चार्ज होत असताना आतला भाग थेट घरच्या विजेला जोडलेला असतो. असा टॉर्च सॉकेटमध्ये असताना ओल्या हाताने हाताळू नये. मला विचाराल तर तो घेऊच नये.

उजेड किती आहे याइतकेच तो कुठे पडतो हेही महत्त्वाचे. लुमेन म्हणजे एकूण बाहेर पडणारा प्रकाश आणि कँडेला म्हणजे एका दिशेला एकवटलेली तीव्रता. अमेरिकेतल्या उत्पादकांनी २००९ साली ठरवलेल्या एएनएसआय एफएल-१ या मानकानुसार, जिथे उजेड ०.२५ लक्सवर, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतक्यावर येतो, ते अंतर टॉर्चचा पल्ला मानले जाते. कँडेलाच्या वर्गमुळाची दुप्पट केली की तो पल्ला मीटरमध्ये निघतो. १०,००० कँडेलाला २०० मीटर. मात्र चांदण्यात बांधावरचा माणूस दिसतो, ओळखू येत नाही. निम्म्या अंतरावर उजेड चौपट असतो, म्हणून छापील पल्ल्याचा निम्माच आकडा कामाचा धरावा. छापील टिकण्याच्या वेळेचेही तसेच आहे. उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंतचा सगळा वेळ त्यात मोजलेला असतो.

रात्री उसात जाणाऱ्याला लांबचा झोत हवासा वाटतो, पण धोका बहुधा पायापाशी असतो. राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला शेताच्या टोकाला गवा उभा असेल तर त्याच्या डोळ्यांच्या मागचा परावर्तक थर चमकतो आणि साध्या टॉर्चनेही तो दुरून कळतो. तेव्हा मागे फिरणे एवढेच करायचे असते. सापाच्या डोळ्यांत असा थर नसतो. पाचटात वेटोळे घालून बसलेली घोणस तपकिरीवर तपकिरी असते आणि ती अंगावरच्या ठिपक्यांवरूनच ओळखावी लागते. त्यासाठी ५० ते १०० लुमेनचा पसरट उजेड आणि रंग नीट दाखवणारा एलईडी हवा. स्वस्त एलईडीचा प्रकाश निळसर असतो, त्यात लाल छटा कमी पडतात आणि माती, पाला, साप सारे एकाच करड्या रंगाचे दिसते. खोक्यावर ‘सीआरआय’ (रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) ९० किंवा त्याहून अधिक आणि रंग-तापमान ४००० ते ५००० केल्व्हिन असे लिहिलेले असेल, तर लुमेन थोडे कमी असले तरी तोच टॉर्च घ्यावा. टॉर्च कमरेच्या उंचीवर, जरा तिरका धरावा. कपाळावरच्या दिव्याचा उजेड नजरेच्याच दिशेने जात असल्यामुळे वस्तूची सावली तिच्या मागेच लपते आणि जमीन सपाट भासते. खालून तिरका उजेड पडला की ढेकूळ, दगड आणि जनावर यांच्या सावल्या वेगळ्या होतात.

पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालणाऱ्यांनाही हेच लागू पडते, कारण धुक्यात कपाळावरचा दिवा डोळ्यांसमोर पांढरा पडदा उभा करतो. पिवळा उजेड धुके भेदतो, असे ठामपणे सांगितले जाते. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने खूप मोठे असल्यामुळे ते सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात. तेव्हा धुक्यात रंग बदलण्यापेक्षा टॉर्च डोळ्यांपासून दूर, खाली धरणे आणि उजेड कमी करणे अधिक उपयोगी पडते.

उजेडाच्या पायऱ्या म्हणूनच महत्त्वाच्या. सर्वांत खालची पायरी पाच-दहा लुमेनची असावी. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला २० ते ३० मिनिटे लागतात आणि भगभगीत उजेडाने तो सराव एका क्षणात मोडतो. पायऱ्या कशा केल्या आहेत हे पाहायचे असेल तर मंद पायरीवर टॉर्च नळाच्या किंवा पंपाच्या पडत्या धारेवर धरावा. धारेतले थेंब सुट्या मण्यांसारखे थबकलेले दिसले तर तो टॉर्च एलईडी वेगाने चालू-बंद करून उजेड कमी करतो. धार अखंड दिसली तर बहुधा सर्किट चांगले आहे. सर्वांत वरची पायरी मात्र फक्त मिरवण्यापुरती असते. एलईडीला दिलेल्या विजेतला निम्म्याहून अधिक भाग उष्णतेत जातो, बोटभर अॅल्युमिनियम ती फार काळ बाहेर टाकू शकत नाही आणि एक-दोन मिनिटांत सर्किट स्वतःच उजेड खाली आणते. हा दोष मानू नये. उलट, ज्या टॉर्चमध्ये ही सोय नाही त्याचा एलईडी लवकर निकामी होतो.

चार्जिंगसाठी आता बहुतेक टॉर्चना टाइप-सी खाच असते. काही स्वस्त टॉर्चमध्ये त्या खाचेमागचे दोन छोटे रोधक गाळलेले असतात, त्यामुळे दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने ते चार्जच होत नाहीत. एका टोकाला जुनी रुंद पिन असलेली केबल वापरली की काम होते. खाचेवरचे रबरी झाकण चिखलापासून रक्षण करते, पण सैल झाले की पाणी आत जाते. आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोडे सोसणारा आणि आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा. आपल्याकडच्या पावसाला दुसराच घ्यावा. पुढचे भिंग सरकवून झोत लहान-मोठा करणाऱ्या टॉर्चमध्ये ते सरकते तोंड पुरेसे बंद करणे अवघड असते, शिवाय झोत लहान करताना बराच प्रकाश आतच अडतो.

सेल बदलता येतो की नाही, यावर माझा सर्वांत जास्त भर आहे. लिथियम सेलची क्षमता काहीशे वेळा चार्ज केल्यावर उतरू लागते, आणि सेल आतच कायमचा बसवलेला असेल तर बाकी सारे धड असूनही टॉर्च फेकावा लागतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेकाठी आणि शिरोळ तालुक्यात अनेक गावांची वीज बंद राहिली. अशा गावात रोजच्या वापराला १८६५० चा टॉर्च आणि घरात ठेवायला पेन्सिल सेलवर चालणारा दुसरा, अशी जोडी मी सुचवीन, कारण चार्जिंग बंद पडले तरी पेन्सिल सेल कोणत्याही टपरीवर मिळतो. एवढेच की पूर ओसरल्यावर ते साधे सेल टॉर्चमध्ये विसरू नयेत. ते पाझरले की आतले क्षार स्प्रिंग आणि स्विच खाऊन टाकतात.

लिथियम सेल उन्हात उभ्या केलेल्या मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नये. बरेच दिवस वापर नसेल तर तो निम्मा चार्ज करून सावलीत ठेवावा आणि टॉर्चचे मागचे टोपण पाव फेरा सैल करावे, म्हणजे खिशात किंवा पिशवीत तो आपोआप पेटत नाही आणि इलेक्ट्रॉनिक स्विच सेल हळूहळू पीतही नाही. फुगलेला, पिचलेला किंवा वेष्टन फाटलेला सेल पुन्हा चार्ज करू नये. त्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी आणि घंटागाडीतल्या ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता तो ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्यावा.