धंद्यासाठी वापरलेल्या गाडीचा खर्च आयकरात कसा दाखवायचा?

या वजावटीसाठी वेगळा अर्ज नसतो. खर्च वर्षभर हिशेबात लिहायचा, नफा-तोटा खात्यात धरायचा आणि आयटीआर-३ हा विवरणपत्राचा (रिटर्नचा) फॉर्म भरायचा. पगारदारांना ही सवलत नाही. कलम ४४एडीखाली उलाढालीच्या ८ टक्के (बँकेतून आलेल्या रकमेवर ६) नफा दाखवून आयटीआर-४ भरणाऱ्या दुकानदारालाही ती वेगळी मिळत नाही. पेट्रोल, घसारा (वापराने गाडीची दरवर्षी घटणारी किंमत) सगळं त्या टक्क्यांतच आलं, असं कायदा धरतो. (हे कलम १९६१ च्या कायद्यातलं. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आहे, त्यात क्रमांक वेगळे.)

इंधन, दुरुस्ती, विमा, ड्रायव्हरचा पगार, पार्किंग, टोल हे सगळं चालतं. वाहतूक पोलिसांचा दंड मात्र चालत नाही. सगळ्यात जास्त घोळ होतो तो हप्त्यात. अख्खा ईएमआय खर्चात टाकू नका. त्यातलं फक्त व्याज खर्च, मुद्दल नाही. गाडीच्या किमतीचा मोबदला घसाऱ्यातून मिळतो: साध्या कारला वर्षाला १५ टक्के, भाड्याने चालवायच्या गाडीला ३०. खरेदीच्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर दर निम्मा.

समजा १० लाखांची कार डिसेंबरमध्ये घेतली आणि ७० टक्के धंद्यासाठी फिरवली. साडेसात टक्क्यांनी घसारा ७५,०००, त्यातले ५२,५०० तुमच्या खर्चात. पेट्रोललाही तेच प्रमाण. हे ७० टक्के आले कुठून, हा प्रश्न अधिकारी विचारणारच. म्हणून डॅशबोर्डात एक वही ठेवा: तारीख, कुठे, कोणाकडे, सुरुवातीचं आणि शेवटचं किलोमीटर. मार्चअखेर एका बैठकीत, एकाच पेनाने लिहिलेली वही लगेच ओळखू येते.

कागद म्हणजे आरसी, खरेदीचं बिल, विमा पॉलिसी, बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र, पंपाची आणि गॅरेजची बिलं. गॅरेजवाल्याला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर तो अख्खा खर्च नामंजूर होतो. तेवढं यूपीआयने द्या.

जीएसटी नोंदणी असली तरी स्वतःच्या वापराच्या कारवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर आपल्या देय करातून वळता करणं) साधारणपणे मिळत नाही. तो कर गाडीच्या किमतीत धरून त्यावर घसारा घ्यायचा. मालवाहू टेम्पोला ही आडकाठी नाही.