नवी विंडोज, जुना प्रिंटर आणि अडकलेली मराठी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. तेव्हापासून मुंबईतले छोटे छापखाने, सीएंची ऑफिसं आणि हाउसिंग सोसायट्यांच्या कचेऱ्यांत विचारणा होते आहे, की विंडोज ११ टाकली तर जुनं काय काय बंद पडेल? संगणकांच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, याला सहसा एकच सल्ला मिळतो, मशीनच बदला. तो अपुरा आहे. नव्या मशीनने प्रोसेसरची अट पुरी होते. प्रिंटर, डाँगल (जे लावल्याशिवाय प्रोग्रॅम चालत नाही असं छोटं उपकरण), जुना हिशोबाचा प्रोग्रॅम आणि वर्षानुवर्षांच्या मराठी फाइली मात्र जिथल्या तिथे राहतात.

जुना प्रोग्रॅम नव्या मशीनवर चालेल, हे एके काळी कुणी गृहीतच धरत नसे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक या संगणकाचे प्रोग्रॅम त्या एकाच यंत्राच्या भाषेत लिहिलेले होते. १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० हा दुसरा संगणक आला, त्यावर ते जसेच्या तसे चालणं शक्यच नव्हतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आयबीएमने सिस्टीम/३६० जाहीर केली. लहानमोठ्या अनेक मॉडेलांना एकच आज्ञासंच दिला, म्हणजे गिऱ्हाईक मोठं मशीन घेईल तेव्हा त्याचे प्रोग्रॅम वाया जाणार नाहीत. आज आपण हे हक्काने मागतो, पण त्यासाठी कुणीतरी खर्च सोसत असतं. तो खर्च थांबला की सुसंगती संपते.

विंडोजच्या आधीच्या डॉसच्या जमान्यात प्रोग्रॅम थेट हार्डवेअरशी बोलायचा. मराठी डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं मांडण्याच्या, पॅकेजांसोबत अनेकदा पॅरलल पोर्टचं (प्रिंटर जोडायच्या जुन्या खाचेचं) डाँगल यायचं. संगणकामागची प्रिंटरची केबल काढायची, तिथे डाँगल लावायचं, आणि डाँगलच्या पाठीत परत प्रिंटरची केबल. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये प्रोग्रॅमला त्या पोर्टशी थेट बोलता यायचं. २००१ साली विंडोज एक्सपी आली आणि घराघरांत एनटीचा, म्हणजे ऑफिसांसाठीच्या विंडोजचा, गाभा पोचला. या गाभ्यात साध्या प्रोग्रॅमला पोर्टला हात लावायला मनाई आहे, मध्ये ड्रायव्हर, म्हणजे उपकरणाशी बोलणारा दुवा-प्रोग्रॅम, हवाच. डाँगल जागेवर, प्रोग्रॅमही जागेवर, पण स्क्रीनवर 'डाँगल सापडलं नाही'. पुढे तर नव्या मदरबोर्डांवरून पॅरलल पोर्टच गेला.

२००७ मधल्या व्हिस्टाने ड्रायव्हरची रचनाच बदलली, आणि ६४-बिट व्हिस्टात गाभ्यात शिरणाऱ्या ड्रायव्हरवर डिजिटल सही सक्तीची केली. सुरक्षेसाठी हे योग्यच होतं, असं मी आजही म्हणेन. पण ज्या स्कॅनरच्या कंपनीला जुन्या मॉडेलसाठी नवा ड्रायव्हर लिहिण्यात रस नव्हता, तो धडधाकट स्कॅनर कपाटावर गेला. ६४-बिट विंडोजवर डॉसच्या काळचे १६-बिट प्रोग्रॅमही चालत नाहीत. फॉक्सप्रो या डेटाबेस पॅकेजच्या डॉस आवृत्तीत लिहिलेले पगारपत्रकांचे आणि स्टॉकचे प्रोग्रॅम ३२-बिट विंडोजवर तग धरून होते. विंडोज ११ची ३२-बिट आवृत्ती निघालीच नाही, त्यामुळे त्यांना आता डॉसबॉक्स (डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम) किंवा व्हर्च्युअल मशीन (संगणकातच चालवलेला दुसरा आभासी संगणक) एवढाच आसरा उरला आहे.

मराठीचं दुखणं याहून खोल आहे. ऐंशीच्या दशकात जिस्ट कार्ड आलं. ते संगणकाच्या आतल्या आयएसए स्लॉटमध्ये बसवलं की डॉसच्या प्रोग्रॅमांतही देवनागरी उमटायची. म्हणजे लिपीच हार्डवेअरमध्ये राहत होती. आयएसए स्लॉट गेले तसं कार्डही गेलं. तरी त्यातला डेटा इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतप्रणालीत, अक्षरांच्या उच्चारक्रमाने साठवलेला होता. युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या आजच्या संकेतप्रणालीचा देवनागरी विभाग इस्कीवरच बेतला असल्यामुळे तो पुढे आणणं तुलनेने सोपं गेलं.

खरी अडचण केली ती नंतरच्या फाँटांनी. विंडोजवर मराठी दिसावी म्हणून श्रीलिपी, आकृती अशा पॅकेजांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले. त्या परिस्थितीत ती मोठी सोय होती, तिच्या जोरावरच मराठी डीटीपी उभं राहिलं. फाइलीत मात्र मराठी नव्हतीच, रोमन अक्षरं आणि चिन्हं होती. नव्या मशीनवर तो फाँट नसेल तर लग्नपत्रिकेचा मजकूर म्हणून चिन्हांची रांग दिसते. विंडोज २०००पासून मंगल फाँट आणि युनिकोडची देवनागरी विंडोजमध्येच मिळू लागली, पण पानं मांडायच्या पेजमेकर या प्रोग्रॅमला युनिकोड कळत नव्हतं आणि २००१ च्या ७.० नंतर त्याची नवी मोठी आवृत्ती आली नाही. म्हणून छापखान्यांनी एक्सपीचं एक मशीन कोपऱ्यात जपून ठेवलं. ते मालकाच्या हट्टापायी नव्हे. वर्षानुवर्षांचं काम फक्त त्याच मशीनवर वाचता येत होतं.

अशा फाइली युनिकोडमध्ये आणणं हेही बटण दाबून होणारं काम नाही. त्या फाइलींत 'कि'मधली वेलांटी क-च्या आधी असते, युनिकोडमध्ये नंतर. 'धर्म'मधला रफार तिथे म-नंतर येतो, तर युनिकोडमध्ये र् हा म-च्या आधी लागतो. त्यात प्रत्येक पॅकेजची मांडणी वेगळी, काहींची तर आवृत्तीगणिक वेगळी. कन्व्हर्टर आहेत आणि उपयोगीही आहेत, पण जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावीच लागतात.

विंडोज ११ आली २०२१ मध्ये, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर या अटी घेऊन. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर तिच्यावरही चालवता येतो. मॉडेलचा ड्रायव्हर नसेल तर विंडोजमधला 'जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली' निवडतात, आणि इंग्रजी बिलं निघतात. मराठी पावती त्यावर निघत नाही, कारण देवनागरी चित्र म्हणून पाठवावी लागते आणि हा ड्रायव्हर फक्त अक्षरांचे कोड पाठवतो. सोसायटीच्या पावत्या मराठीत छापणाऱ्यांनी अपग्रेडआधी हे एवढं तरी नक्की पाहावं.

विंडोज १०वर राहणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. संस्थांना पैसे भरून ऑक्टोबर २०२८ पर्यंत. जुन्या फाँटातल्या फाइली उघडून, युनिकोडमध्ये आणून, तपासून ठेवायला हीच मुदत हाताशी आहे. त्या उघडणारं मशीन आज चालू आहे, तोवर हे काम होऊ शकतं.