खाली माणूस धरून आहे, म्हणजे शिडी पक्की?

नागपुरातल्या साइटवर सर्रास ऐकू येतं, "खाली एकानं शिडी धरली की झालं." नाही होत. शिडीचा पाया सरकतो, नाहीतर वरचं टोक बाजूला घसरतं. त्या टोकावर खालच्याचा ताबा जवळपास नसतोच. वरून थापी निसटली तर तीही त्याच्याच डोक्यात.

खरा भरवसा कोनाचा आणि बांधणीचा. शिडी 4 मीटर उंचीवर टेकत असेल, तर पाया भिंतीपासून 1 मीटर दूर. स्लॅबवर उतरायचं असेल तर ती कडेच्या वर किमान 1 मीटर हवी, दोन्ही उभे दांडे वरती दोरानं घट्ट बांधलेले. पावसाळ्यात इथली काळी माती दबते आणि एकच पाय खचतो. तिथे विटांचे तुकडे कोंबू नका, जमीन सपाट करून रुंद, जाड फळी घाला. धरणारा लागतोच, पण पहिल्यांदा चढून वरचं टोक बांधेपर्यंत.