पाळकांचा थकवा आणि पाळकांची काळजी

ख्रिस्ती मंडळीचे पाळक, फादर, सुवार्तिक यांना सेवेत येणारा शरीराचा, मनाचा आणि श्रद्धेचा थकवा वेळीच ओळखणे आणि त्यांना विश्रांती, उभारी व गरजेप्रमाणे उपचार मिळतील अशी व्यवस्था लावणे, याला पाळकांची काळजी म्हणतात. मराठी ख्रिस्ती समाजात ‘पाळकसाहेब’ हा मान मोठा आहे. साहेब थकले की कोणी तरी म्हणते, प्रार्थना कमी पडत असेल. ही समजूत चुकीची आहे आणि फार नुकसान करणारी आहे, कारण तिच्या धाकाने पाळक आपली अवस्था शेवटपर्यंत लपवतो.

पवित्र शास्त्र या बाबतीत कितीतरी उदार आहे. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या एका धमकीने रानात पळतो, झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो (१ राजे १९). देवदूत त्याला बोल लावत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवतो, झोपू देतो आणि पुन्हा उठवून खाऊ घालतो. देवाची वाणी त्यानंतर येते. मोशेची गोष्ट वेगळी आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करणाऱ्या जावयाला इथ्रो स्पष्ट सांगतो की अशाने तूही झिजशील आणि लोकही झिजतील. मग हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर नायक नेमले जातात (निर्गम १८). एकाला विश्रांती हवी होती, दुसऱ्याला कामाची वाटणी. पाळकाला यातले नेमके काय हवे आहे, ते आधी पाहावे लागते.

कामातून येणाऱ्या या अवस्थेला आधुनिक मानसशास्त्रात ‘बर्नआउट’ म्हणतात. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये तिच्यावर लिहिले. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी तिची तीन अंगे मांडली : पार गळून जाणे, माणसांविषयी कोरडेपणा येणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तिची नोंद आजार म्हणून न करता कामाशी निगडित स्थिती म्हणून केली. पाळकाच्या बाबतीत दुसरे अंग सर्वांत जास्त बोचते. फोन वाजला की पोटात गोळा येतो. आजाऱ्याच्या खाटेशी प्रार्थना ओठांवर येते, पण मन तिथे नसते. शास्त्र उघडले जाते ते येत्या रविवारच्या उपदेशापुरते. स्वतःसाठी वाचणे कधी थांबले हेही आठवत नाही.

हे सारे नागपूरच्या उदाहरणावरून पाहू. तिथे मिशनकार्याची घडी स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ पासून बसवली. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर त्यांच्या सोबतीला आले. शाळा, उपदेश, दौरे आणि मध्य भारताचा उन्हाळा यांच्या जोडीला दोघांनी भूगर्भशास्त्राची आवड जोपासली; या भागातील खडक व जीवाश्म यांवरील त्यांचे काम शास्त्रज्ञांनी मानले आणि ‘हिस्लोपाइट’ या खनिजाला हिस्लॉप यांचे नाव मिळाले. हंटर यांना प्रकृतीमुळे मायदेशी परतावे लागले. हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडाले. तेव्हा ते ४५ वर्षांचे होते. धोंडे गोळा करणे हा त्या काळच्या काही मिशनऱ्यांना वेळेचा अपव्यय वाटला असेल. पण सेवेशी थेट संबंध नसलेली एखादी आवड पाळकाला किती तग देते, याचे याहून चांगले उदाहरण या शहराजवळ नाही.

पुढे याच शहरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सदरमधील ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली. भारतातील राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेचे मुख्यालयही नागपुरातच आहे. सेमिनरी हिल्स हे नाव ज्यावरून पडले ते सेंट चार्ल्स सेमिनरी कॅथलिक धर्मगुरू घडवते. वेगवेगळ्या पंथांचे पाळक एका शहरात इतक्या जवळ क्वचितच असतात.

नागपूरच्या पाळकावरचा एक भार मात्र बाहेरून फारसा दिसत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, छिंदवाडा, बालाघाटकडचे रुग्ण उपचारासाठी इथे येतात. गावच्या पाळकाचा रात्री फोन येतो : “साहेब, आमचे एक भाऊ मेडिकलला भरती आहेत, जरा भेटून घ्या.” मेडिकल आणि मेयो ही शासकीय रुग्णालये, सीताबर्डीचे म्यूर मेमोरियल आणि खासगी दवाखाने असा फेरा आपल्या मंडळीच्या घरभेटींवर वाढीव बसतो. रुग्ण दगावला तर दफनविधी, कुटुंबाची राहण्याची सोय, शवपेटीचा खर्च, सगळे त्याच दारात येते. शिवाय मंडळीत मराठी, हिंदी, तेलुगू बोलणारी घरे असल्याने एका रविवारी दोन भाषांत उपासना घ्यावी लागते. डिसेंबरात तर थंडीच्या रात्री कॅरल पार्टीबरोबर घरोघर फिरणे, नाताळ, एकतीस डिसेंबरची रात्रउपासना आणि लगेच नव्या वर्षाची सकाळ. आठवड्यातून एक दिवस सुटी ठरवून घेणे (बहुतेकदा सोमवार) आणि तो दिवस मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीने स्वतः मंडळीला सांगणे, हा सर्वांत साधा उपाय आहे. पाळकाने स्वतः सांगितले तर तो आळस वाटतो. कमिटीने सांगितले तर नियम होतो.

खरी अडचण बोलायचे कुणाशी ही आहे. बिशपना पाळकांचे पाळक मानतात, आणि कित्येक बिशप ती जबाबदारी मनापासून निभावतात. पण बदली, नेमणूक आणि चौकशी हेही त्यांच्याच हातात असते. ज्याच्या सहीने आपली बदली होते त्याच्यापुढे ‘मला आता जमत नाही’ असे कोण म्हणेल? पास्टोरेट कमिटीपुढे तर नाहीच. म्हणून ऐकणारा माणूस अधिकाराच्या साखळीबाहेरचा असला पाहिजे : निवृत्त पाळक, दुसऱ्या पंथातील सहकारी किंवा प्रशिक्षित समुपदेशक. महिन्यातून एकदा चार-पाच पाळकांनी उपदेश, अहवाल आणि वर्गणीचा विषय न काढता एकत्र बसावे, एकमेकांसाठी प्रार्थना करावी आणि तिथले बोलणे तिथेच ठेवावे. नागपुरात पंथांचा एवढा शेजार असताना यासाठी नवी संस्था उभारण्याची गरज नाही.

कॅथलिक मंडळीत काही गोष्टी कायद्यानेच बांधलेल्या आहेत. १९८३ च्या धर्मनियमसंहितेनुसार धर्मगुरूंना ध्यानसाधना बंधनकारक आहे. धर्मग्रामाच्या प्रमुख फादरना वर्षाला एक महिन्यापर्यंत रजा घेता येते आणि ध्यानसाधनेचे दिवस तिच्यात मोजले जात नाहीत. रजा आणि रिट्रीट (ध्यानसाधना) यांत केलेला हा भेद फार शहाणपणाचा आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांत अधिवेशनाला जाणे हीच विश्रांती समजली जाते आणि पाळक तिथून आणखी दमून येतो.

पाळकगृहाचा विचार सहसा राहून जातो. पाळकीणबाई बिनपगारी संडे स्कूल, महिला मंडळ आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा सांभाळतात. मुलांच्या गुणांपासून कपड्यांपर्यंत सगळ्यावर मंडळीची नजर असते. घर चर्चच्या आवारात असल्याने दार कधी बंदच होत नाही. स्वतंत्र मंडळ्यांचे अनेक पास्टर दिवसा नोकरी करून सेवा करतात. त्यांना ना ठरलेला पगार, ना निवृत्तीनंतरचे छप्पर. अशांना धीराचे शब्द देण्याआधी आरोग्य विमा आणि भविष्यनिधी यांची सोय लावणे मंडळीचे कर्तव्य आहे.

झोप उडणे, दोन आठवड्यांहून जास्त उदास राहणे, भूक मरणे किंवा जगणे नकोसे वाटणे ही लक्षणे दिसली तर ती नुसती दमणूक समजू नये, डॉक्टरांना दाखवावे. प्रार्थना आणि औषध यांत निवड करावी लागत नाही. नागपुरात शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तसेच मेडिकलमध्ये मानसोपचार विभाग आहे. ख्रिस्ती वस्ती लहान, ओळखी दाट, त्यामुळे कोणी पाहील या संकोचाने पाळक तिकडे फिरकत नाहीत. त्यांच्यासाठी केंद्र शासनाची १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली टेलिमानस ही फोनवरची मानसिक आरोग्य सेवा उपयोगाची आहे : १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतूनही बोलता येते.